उदकावर दिलेला गुंठा

सरूबाईच्या कमरेला सहा बंगल्यांच्या चाव्या होत्या आणि सातवा बंगला तिच्या डोळ्यांदेखत बांधून होत आला होता. ती स्वतः राहायची त्या सातव्याच्या मागं, विहिरीवरच्या पत्र्याच्या शेडात. शेडाच्या अर्ध्या जागेत मोटारीचा स्टार्टर, पाइपांची वेटोळी आणि सिमेंटच्या गोण्या. उरलेल्या अर्ध्यात सरूबाई, तिचा नवरा कडूबा आणि त्यांचा तीस वर्षांचा संसार. बोरदऱ्यात कुणाला यात वावगं वाटत नसे. फुलंब्रीहून डोंगराकडे वळलं की हल्ली दर बंगल्यामागं असं एक शेड दिसतं, आणि त्यात त्या जमिनीच्या जुन्या मालकांपैकीच कुणीतरी राखणदार म्हणून राहत असतं.

हा माळही कडूबाच्याच घराण्याचा. पोलीस अ‍ॅक्शननंतर कुळकायदा आला तेव्हा तो त्याच्या आज्याच्या नावावर लागला आणि आज्यानं जन्मभर त्यातले दगड वेचले. कुसळी गवतापलीकडे तिथं काही आलं नाही. पुढं कडूबाच्या बापानं आणि चुलत्यांनी तो विकला, तेव्हा गावात हसू झालं ते घेणाऱ्याचं. दगड विकत घेणारा माणूस कसा दिसतो ते बघायला लोक मुद्दाम माळावर गेले होते. मग शहरातल्या माणसांना हवेची गरज भासू लागली. डॉक्टर आले, प्राध्यापक आले, शहागंजातले एक कापडाचे व्यापारी आले. ज्याला त्याला डोंगर दिसेल अशी खिडकी हवी होती, आणि बोरदऱ्यात डोंगर चिक्कार होता. आता त्या माळाच्या एका गुंठ्याला जो भाव सांगतात, तेवढा कडूबाच्या बापाला सबंध माळाचाही मिळाला नव्हता.

बंगले शनिवार-रविवारी उघडत. सुरुवातीला मालक दर आठवड्याला यायचे, मग महिन्याकाठी, मग दिवाळीत, मग नव्या पाहुण्यांना बंगला दाखवायचा असेल तेव्हा. पण शहरात राहून माणसं संस्कार विसरली होती असं म्हणायची सोय नव्हती. तिन्हीसांजेला घर अंधारात राहू नये, असं प्रत्येकानं सरूबाईला बजावून ठेवलेलं होतं. ती रोज दिवेलागणीला तेलाची बाटली घेऊन निघायची, सहा कुलपं काढायची, सहा देव्हाऱ्यांत निरांजन लावायची आणि सहा कुलपं पुन्हा घालायची. एवढं उरकून शेडात परत येईतो कडूबा अंधारातच बसलेला असायचा, कारण काड्याची पेटी तिच्यापाशी.

गावठाणात तिचं एक घर होतं. कडूबा धरून तीन भावांत मिळून एक, त्यातला दीड खण सरूबाईकडे. दोन पावसाळ्यांमागं त्याची मागची भिंत बसली. भावांनी जागेचे तीन तुकडे पाडून पाहिले, तर एकाही तुकड्यात खाट आडवी बसेना. शेवटी जागा थोरल्यानं ठेवून घेतली आणि सरूबाईच्या वाट्याला सागाच्या तीन तुळया आणि दाराची चौकट आली. ते सगळं तिनं शेडामागं ताडपत्रीखाली जपून ठेवलं. घर नव्हतं, दार होतं.

नऊ वर्षं यादीत काढल्यावर त्या चैत्रात कडूबाचं घरकुल मंजूर झालं. सरूबाई पेढे घेऊन पंचायतीत गेली. ग्रामसेवकानं पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, “जागा कुठंय, मावशी?”

“जागा असती तर घर कामून मागितलं असतं, साहेब?”

“सरकार घर देतं. जागा ज्याची त्यानं आणायची. दसऱ्यापर्यंत जागेचा कागद आणा, नाही तर नाव कटतं आणि घरकुल यादीतल्या खालच्या माणसाला जातं. गायरान मागू नका, ते कोर्टात अडकलंय.”

पेढ्याची उरलेली पुडी सरूबाईनं तिथंच ठेवली, पण घोर घरी आणला. कारण तिचा बन्सी शेंद्र्याच्या कारखान्यात कंत्राटावर होता, चौघांत एक खोली घेऊन राहत होता, आणि फुलंब्रीकडच्या काकासाहेबांनी त्याला मुलगी द्यायचं जवळजवळ ठरवलं होतं. काकासाहेब रोखठोक माणूस. “पोरगं गुणाचं हाय, माही ना नाय,” ते म्हणाले होते. “पण पोरगी पत्र्याच्या शेडात नाय द्यायचा मी. दिवाळीनंतर येतो. घर दाखवा, तिथी काढू.” मुलगी सरूबाईच्या मनात भरली होती. हसरी होती, भाकरी पातळ करायची, आणि बन्सी तिच्याशी फोनवर बोलायला विहिरीपलीकडं जायचा. एका गुंठ्यावर आता घरकुलही अडलं होतं आणि लग्नही.

ती नानासाहेबांकडे गेली. नानासाहेब म्हणजे सातव्या बंगल्याचे मालक, सरकारी खात्यातून मोठे इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. सिडकोत त्यांचा फ्लॅट होता, मुलगा-सून कॅनडात होते, बायको चार वर्षांपूर्वी वारली होती. मनानं मोकळे गृहस्थ. त्यांनी सरूबाईला खुर्ची दिली, चहा दिला आणि जमिनीच्या तुकडेबंदीचा कायदा अर्धा तास समजावून सांगितला. एवढा बारका तुकडा रजिस्ट्रीला बसतच नाही, असा त्याचा मथितार्थ. “माझं सोडा हो, मी आत्ता दिला असता,” ते कळवळून म्हणाले. “पण कायद्यापुढे माझा काय इलाज?” सरूबाईला वाईट वाटलं, आणि गंमत म्हणजे थोडं त्यांच्यासाठीही वाटलं.

वैशाखात बंगल्याची वास्तुशांत निघाली. मुहूर्त सकाळी नऊ चाळीसचा. नानासाहेब एकटे पडलेले, तेव्हा पाटावर बसायला पुण्याहून भाची आणि जावई यायचे होते. गुरुजीही भाचीनंच फोनवरून ठरवलेले. आदल्या दिवशी जावयाला ताप भरला. अंगणात पाहुण्यांची जोडपी पन्नासेक तरी होती, पण तीन तास होमाच्या धुरात बसायचं म्हटल्यावर कुणाचे गुडघे दुखू लागले, कुणाला धुराची अ‍ॅलर्जी आठवली. गुरुजींना दुपारी शेंद्र्याकडे आणखी एक वास्तू उरकायची होती. ते घड्याळ बघू लागले. तेवढ्यात कडूबा समिधांची मोळी घेऊन आला आणि त्याच्या मागून सरूबाई पाण्याची घागर घेऊन.

“हे दोघं चालतील का?” नानासाहेबांनी विचारलं.

“जोडपं आहे ना? चालेल. आंघोळ झालीय?” गुरुजी म्हणाले, आणि नानासाहेब फाटकावर आमदारांच्या माणसाचं स्वागत करायला धावले.

पाटावर बसल्यावर गुरुजींनी यजमानाचं नाव विचारलं. कडूबाला आयुष्यात ज्यानं ज्यानं नाव विचारलं त्याला त्यानं स्वतःचंच सांगितलं होतं. “कडूबा सांडू गाडेकर,” तो मोठ्यानं म्हणाला. गोत्र विचारल्यावर त्यानं सरूबाईकडे पाहिलं आणि सरूबाईनं होमाकडे पाहिलं. “माहीत नसेल तर कश्यप म्हणा,” गुरुजींनी तोडगा काढला आणि संकल्प सुरू झाला. मी कडूबा, सहकुटुंब, माझ्या या नव्या वास्तूत मला, माझ्या बायकोला, माझ्या मुलाबाळांना सुख, आरोग्य आणि स्थैर्य लाभावं म्हणून. गुरुजी एकेक तुकडा सांगत आणि कडूबा शाळेतल्या प्रार्थनेसारखा खणखणीत आवाजात मागून म्हणे. वास्तुपुरुषाची प्रतिमा कोपऱ्यात पुरली ती कडूबाच्या हातानं. कलश घेऊन उंबरा ओलांडला तो सरूबाईनं. नव्या शेगडीवर दूध उतू गेलं तेही तिच्याच पुढ्यात. गुरुजींनी तिलाही ‘माझ्या घरात’ असं म्हणायला लावलं. पन्नाशी ओलांडली तरी हे शब्द तिनं कधी मोठ्यानं म्हटलेले नव्हते, आणि ते इतके चांगले लागतील याची तिला कल्पना नव्हती. शेवटी गुरुजींनी दोघांना आशीर्वाद दिला, “यजमान, घर लाभो तुम्हाला.” मग त्यांना लुगडं आणि टोपी-टॉवेल मिळालं आणि शेवटच्या पंगतीत जेवायला मिळालं.

हे तिथंच संपलं असतं. पण सोहळ्याचं चित्रण पुण्याला नानासाहेबांच्या थोरल्या बहिणीकडे गेलं. लक्ष्मीबाई ऐंशीच्या, त्यांना दुसरा उद्योग नव्हता, त्यांनी तीन तासांचं चित्रण तीनदा बघितलं आणि फोन लावला. “नाना, घर कुणाचं आहे?” त्यांनी विचारलं. नानासाहेब हसले. “हसू नकोस. संकल्प त्या गड्याच्या नावानं झालाय. वास्तुपुरुष त्यानं बसवलाय. कागदावर काय असेल ते असेल, देवाच्या दफ्तरी ते घर त्याचं आहे. तू तिथं पाहुणा.”

नानासाहेब इंजिनिअर होते. त्यांनी ते मनावर घेतलं नाही. पुढच्या आठवड्यात विहिरीवरची मोटार जळाली. मग गिझरला शॉक आला. मग झोपाळ्यावर धामण निघाली. मोटार का जळाली हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, कारण हलकी वायर त्यांनीच आणवली होती. धामणीला तर उंदरांशिवाय दुसरं कारण लागत नाही. तरीही नव्या पलंगावर त्यांचा डोळा लागेना. त्यांनी शहरातल्या एका जाणत्या शास्त्रींना विचारलं. दोन उपाय निघाले. एक तर सगळी शांत पुन्हा करायची, म्हणजे परदेशी फरशी उचकटून वास्तुपुरुष बाहेर काढायचा. नाही तर त्या माणसानं हातावर पाणी घेऊन घरावरचा हक्क सोडायचा, उदक सोडायचं. फरशी महाग होती.

एरवी शनिवारशिवाय न फिरकणारे नानासाहेब बुधवारी दुपारी शेडाच्या दारात उभे राहिले. सरूबाईनं गोणी अंथरली. जागा घेतल्याला आठ वर्षं झाली होती, पण या शेडात ते पहिल्यांदाच येत होते. वाकून आत आले तरी कपाळ पत्र्याला लागलंच.

सगळा प्रकार त्यांनी हसण्यावारी नेत सांगितला, पण कपाळावरचा घाम पुसत सांगितला. कडूबाचं काहीच म्हणणं नव्हतं. “सोडू की साहेब, कवाबी बोलवा,” तो म्हणाला. सरूबाईनं त्याच्या पाठीत कोपर मारलं.

“म्हंजे साहेब,” तिनं सावकाश विचारलं, “घर आत्ता आमचं हाय?”

“तसं नाही हो, सरूबाई. कागदोपत्री माझंच आहे. फक्त...”

“फक्त देवापाशी आमचं.”

नानासाहेबांनी पुन्हा कपाळ पुसलं. सरूबाईला त्या क्षणी जे वाटलं ते तिला पुढं कधी कुणाला नीट सांगता आलं नाही. आपल्या हातात कुणालातरी हवं असलेलं काही आहे, हेच तिला नवीन होतं.

“देवापाशी का व्हईना, साहेब, सबंध जन्मात एक घर नावावर लागलं. ते फुकट कसं सोडावं?” ती म्हणाली. “वड्याकडच्या कोपऱ्यात बाभळी हायेत ना, तिथला एक गुंठा द्या. कायद्यात बसत नाय म्हणता तर तुमीबी पाणी सोडूनच द्या. आमी बंगला सोडतो, तुमी गुंठा सोडा. देवाच्या दफ्तरात दोनी फेर एकदमच व्हतील.”

नानासाहेब लगेच तयार झाले. इतके लगेच, की सरूबाईनं तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

पुढच्या गुरुवारी उदक सोडलं गेलं. कडूबानं हातावर तुळशीचं पान आणि पाणी घेतलं, गुरुजींनी सांगितलं तसं “न मम” म्हणाला आणि पाणी सोडलं. माझं नाही, एवढाच त्याचा अर्थ. कडूबाला ते म्हणायला काही जड गेलं नाही. मग नानासाहेबांनी ओढ्याकडचा एक गुंठा कडूबाला दिला आणि तेही “न मम” म्हणाले. त्यांचा आवाज कापत होता, डोळे भरून आले होते. त्या क्षणी ते खरंच बोलत होते, हे मान्य केलं पाहिजे. सरूबाईनं त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं, आणि फोटो कॅनडाला गेला. त्या रात्रीपासून नानासाहेबांना गाढ झोप लागू लागली.

शुक्रवारी सरूबाई पंचायतीत हजर.

“पाणी कुठल्या रजिस्टरला चढवू, मावशी?” ग्रामसेवकानं डोक्याला हात लावला. माणूस मात्र वाईट नव्हता. “असं करा, साहेबांना स्टॅम्पवर संमतीपत्र तेवढं लिहून द्यायला सांगा. मी तालुक्याला विनंती करतो. याआधी दोघांचं केलंय असं.”

म्हणजे कायद्याची अडचण होती तेवढी उरली नव्हती. सरूबाई उड्या मारतच बंगल्यावर आली. नानासाहेबांनी ऐकून घेतलं, आनंद व्यक्त केला आणि रविवारी मंडळापुढं ठेवतो म्हणाले.

मंडळ म्हणजे सात बंगलेवाल्यांचं निसर्गप्रेमी मंडळ. ते हिरवळीवर भरलं. कांदाभजी तळायला सरूबाई होती, त्यामुळं आपल्या घराचा निकाल तिला कढईपाशी बसून ऐकायला मिळाला. कापडवाल्यांना स्लॅबचं घर म्हणजे वर काळी टाकी आणि भिंतीला गुलाबी रंग, हे डोळ्यांपुढं दिसत होतं, आणि तेही नेमकं त्यांच्या खिडकीच्या आणि डोंगराच्या मधोमध. डॉक्टरांना काळजी पडली ती सरूबाईच्या तब्येतीची. सिमेंटच्या घरात उन्हाळ्यात जीव उकडून निघतो, ते म्हणाले, आणि भजी आत एसीत मागवली. प्राध्यापक सगळ्यांत कळकळीनं बोलले. “गाव गावासारखं राहिलं पाहिजे. आपण इथं येतो कशासाठी? माती, धाब्याचं छप्पर, शेणानं सारवलेलं अंगण. ही माणसंच आपलं घर विसरली तर आपण बघायचं काय?” शेवटी ठराव झाला. कडूबानं गुंठ्यावर घर बांधायला मंडळाची हरकत नाही, मात्र घर मातीचं असावं.

सरूबाई तो निरोप घेऊन पुन्हा ग्रामसेवकाकडे गेली.

“मातीच्या घराला घरकुल म्हणत नाहीत,” तो म्हणाला. “मातीचं पडलं म्हणून तर तुम्हाला मंजूर झालं!”

आता सरकार म्हणत होतं सिमेंटचं नसेल तर ते घर नव्हे, आणि बंगलेवाले म्हणत होते सिमेंटचं असेल तर ते गाव नव्हे. दोघांनाही सरूबाईचं भलंच करायचं होतं. तिनं दोघांकडे मिळून अकरा खेपा घातल्या. नानासाहेब दर खेपेला म्हणत, “मी एकटा असतो तर प्रश्न नव्हता.” दसरा आला, संमतीपत्र आलं नाही, नाव कटलं. घरकुल यादीत खाली असलेल्या फकिरा नावाच्या माणसाला गेलं. सरूबाई त्या दिवशी शेडात बसून ओक्साबोक्शी रडली आणि मग तेलाची बाटली घेऊन दिवे लावायला गेली.

पण नानासाहेबांना उदकाचा धाक होता. दान दिलेला गुंठा आपण वापरला तर काय होतं, हे लक्ष्मीबाईंनी त्यांना फोनवर तपशिलानं सांगितलं होतं. नुसता पडू दिला तरी बोच राहते. तेव्हा त्यांनी सगळ्यांचं समाधान होईल असा मार्ग काढला. गुंठ्यावर ते स्वतःच्या खर्चानं मातीचं घर बांधणार होते.

“घर तुमचंच, सरूबाई,” ते म्हणाले. “पाणी सोडलंय मी.”

सरूबाईला दसऱ्याला मेलेली आशा पुन्हा जिवंत झाल्यासारखं वाटलं. खुलताबादेहून शफी गवंडी आला. सातही बंगले त्याच्याच हाताखालून गेलेले, पण मातीकाम तो बापाकडून शिकला होता आणि ते करायला मिळालं म्हणून खूश होता. ताडपत्रीखालच्या तुळया त्यानं वाजवून बघितल्या. “सरूभाबी, माल एकदम अस्सल आहे. अजून शंभर साल काही होत नाही याला,” तो म्हणाला. सरूबाईनं तुळया दिल्या, चौकट दिली, मागं-पुढं पाहिलं नाही. माती तिनं तुडवली, भिंती तिनं लिंपल्या, चूल तिनं स्वतःच्या हातानं घातली. कडूबानं दारात शेवगा लावला. नानासाहेबांनी मजूर वाढवून दिले, त्यामुळं दिवाळीच्या आधी घर उभं राहिलं आणि खरंच देखणं दिसत होतं.

दिवाळीच्या पाडव्याला दारावर पाटी लागली. ‘माहेर. अस्सल गावाकडचं घर. शनिवार-रविवार मुक्काम, चुलीवरचं जेवण.’ खाली नानासाहेबांचा फोन नंबर.

“घर रिकामं ठेवण्यापेक्षा बरं नाही का?” नानासाहेबांनी समजावलं. “शनिवार-रविवारी पाहुणे येतील. मालकीण म्हणून तुम्हीच राहायचं. लुगडं नेसायचं, भाकरी करायची, चार गोष्टी सांगायच्या. तुमचाही हिस्सा देईन मी. एरवी मात्र कुलूप असू द्या. धुरानं भिंती काळ्या होतात, गाद्यांना वास लागतो. पाहुण्यांना स्वच्छता लागते.” आणि त्यांनी तिच्या हातात आठवी चावी दिली.

कार्तिकातल्या एका रविवारी काकासाहेब न सांगता आले. सरूबाई चुलीपुढं भाकऱ्या थापत होती आणि ओट्यावर शहरातली दोन कुटुंबं ताटं घेऊन बसली होती. वास्तुशांतीतलं लुगडं तिच्या अंगावर होतं. काकासाहेब दारातच थबकले. त्यांनी सारवलेलं अंगण पाहिलं, शेवगा पाहिला, चौकटीवरून हात फिरवला.

“साग हाय की,” ते म्हणाले.

“आमच्या घरचा हाय,” सरूबाई म्हणाली. ते खोटं नव्हतं.

“घर मातीचं हाय, पण लई निगुतीनं बांधलंय.”

“फारच छान आहे हो!” ओट्यावरची एक पाहुणी मध्येच म्हणाली. “आणि मालकीणबाई तर इतक्या प्रेमळ! काल रात्री आम्हाला ओव्या म्हणून दाखवल्या.”

मालकीणबाई हे शब्द ऐकून काकासाहेबांचा चेहरा उजळला. ते ओट्यावर टेकले, पाहुण्यांच्या पंगतीतच त्यांना चहा मिळाला. पाणी भरायला आलेला कडूबा कोपऱ्यात हंडा धरून उभा होता. तो सरूबाईकडे बघत होता आणि मान हलवत होता. तिला नवऱ्याची मान वाचता येत होती. व्हय म्हण, एवढंच तो म्हणत होता. लाकूड आपलं, माती आपण तुडवली, जमीन देवानं दिली. मग व्हय म्हणायला काय हरकत आहे?

“मंग ठरलं,” काकासाहेब म्हणाले. “माहं एकच म्हणणं व्हतं, ते तुमी पुरं केलं. लगीन लागलं की माही पोरगी हितंच नांदंल ना?”

सरूबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. बन्सीचा फोन कालच आला होता. ‘काय झालं, बाई?’ एवढंच त्यानं आईला विचारलं होतं. तिच्या जिभेवर होकार आलाही होता. मग तिला ती हसरी मुलगी दिसली, माप ओलांडून आत येणारी, रविवारभर या चुलीशी बसलेली, आणि सोमवारी सकाळी बोचकं हातात घेऊन कुलपाकडे बघत उभी राहिलेली. आपल्याला सवय झाली, पण परक्याच्या लेकीनं ही सवय का करून घ्यावी? सरूबाईला एकदम फार थकल्यासारखं वाटलं.

“नांदंल की,” ती म्हणाली. “शनवार-रईवार.”

“आन् बाकीचे दिस?”

“बाकीचे दिस घर बंद असतं, पाव्हणं. हितली समदी घरं तशीच हायेत.”